अनुश्रीनं माइक बंद केला

रायपुरात डॉक्टरायचा काही तोटा नाही. समता कॉलोनीत एका घरावर पाटी दिसते, तर बाजूच्या घरावर दोन. पण डॉक्टरायले शिकवणारे जे मास्तर असतात, त्या मास्तरायले शिकवणारी डॉक्टरीण अख्ख्या रायपुरात एकच, आणि ती उमाठ्यायची अनुश्री. हे तिचा थोरला भाऊ दिवाकर उमाठे सांगते. समता कॉलोनीतल्या त्याच्या बॅटरी-इन्व्हर्टरच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक हे ऐकल्याबिगर जाऊच शकत नाही.

"भैया, बैटरी का पानी दे दो, जल्दी है," गिऱ्हाईक म्हणते.

"देता हूँ. मेरी बहन भी ऐसे ही जल्दी में डॉक्टर बनी, पहले ही झटके में," दिवाकर म्हणते, आणि मग पाण्याची बाटली हातातच राहते.

दिवाकर स्वतः दहावीच्या पुढे गेला नाही. बाप रेल्वेत. वर्ध्याकडून बदली होऊन रायपुरात आला आणि इथलाच झाला. बाप गेला तेव्हा घराचं बोलणं दिवाकरकडे आलं. रेशनच्या दुकानात तो बोले, सोयरिकीच्या बैठकीत तो बोले, आईले दवाखान्यात नेलं तर तिचं कुठं दुखते तेही तोच सांगे. आई म्हणे, "अरे, गुडघा माझा आहे." तो म्हणे, "तू बस ना, मी सांगून राहिलो ना." यात कोणाले काही वावगं वाटत नव्हतं. आपल्या लोकायत मोठं माणूस सोबत असलं का बाईमाणसानं, धाकट्यानं तोंड उघडायचं नसते. डॉक्टरही मोठ्याच्याच तोंडाकडे पाहून बोलते.

अनुश्री मात्र ऐकणारी पोट्टी. छत्तीसगढ नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, चौकाचौकात लाडू वाटले, त्याच साली तिचा डॉक्टरकीचा शेवटचा निकाल लागला. दिवाकरनं पेढे वेगळे वाटले. लोकायले वाटलं तेही राजधानीचेच आहेत. तेव्हापासून तो म्हणते का सरकारनं लाडू वाटले ते कोणाच्या ध्यानात नाही, पेढे आहेत.

पुढे ती फॅमिली मेडिसिन शिकाले गेली, तेव्हा दिवाकर नाराज झाला होता. "हार्टवाली हो, मेंदूवाली हो. घराची डॉक्टर म्हणजे काय, सर्दी-खोकला?"

"दादा, हार्टवाला हार्ट पाहते," अनुश्री म्हणाली. "ज्याचं हार्ट आहे तो माणूस आणि त्याच्या घरचे, ते कोणी पाहायचे?"

दिवाकरले हे इतकं पटलं का दुसऱ्या दिवसापासून तो हेच गिऱ्हाइकायले ऐकवू लागला, जसं काही त्यालेच सुचलं.

नशेचं तिच्या मनात कसं बसलं, ते घरच्यायनं पाहिलं आहे. नोकरीची सुरुवात होती. एका लहानशा दवाखान्यात पाय मोडलेला माणूस भरती झाला. सोबत मोठा भाऊ. अनुश्रीनं भावाले विचारलं, "ये दारू पीता है क्या?" भावानं छाती फुगवली. "हमारे घर में कोई छूता भी नहीं, मैडम." पेशंट छताकडे पाहत राहिला. दोन दिवसांनी त्याचे हात थरथरू लागले, भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, झटके आले, आणि माणूस गेला. रोज मोहाची दारू पिणारा तो. एकदम बंद झाली का शरीर असं उलटते, आणि वेळेवर कळलं तर त्याच्यावर दवा आहे. पण कळलंच नाही. त्या दिवशी अनुश्री घरी येऊन जेवली नाही. आईले एवढंच म्हणाली, "मी भावाले विचारलं. त्याले विचारलंच नाही."

त्याच्यानंतर तिनं नशेच्या इलाजाचं जेवढं शिकता येईल तेवढं शिकलं. पण एकटीनं किती पेशंट पाहायचे? म्हणून तिनं ठरवलं का जे डॉक्टर नवीन डॉक्टरायले घडवतात, त्या मास्तरायलेच आधी हे शिकवायचं. एक मास्तर सुधरला का त्याच्या हाताखालचे पन्नास सुधरतात. असा हिशोब कोणाच्या डोक्यात येते? तिच्या आला.

आरोग्य खात्याच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवून झिजवून शेवटी तिले नवा रायपुरात तीन दिवसाचं शिबिर भेटलं. साऱ्या राज्यातले फॅमिली मेडिसिनचे मास्तर येणार. पण अट घातली. मास्तरायमध्ये सगळ्यात मोठे डॉक्टर शामराव टेंभेकर. त्यायनं शेवटच्या दिवशी हव म्हटलं, तर नशेचा इलाज सगळीकडच्या शिकवणीत जाईल. नाही म्हटलं, तर फाईल कपाटात, आणि ते कपाट परत उघडत नसते.

आणि टेंभेकर सर म्हणजे पहाड. त्यायचं घराणं भोसल्यायच्या काळापासून रायपुरात. अर्ध्या राज्याचे डॉक्टर त्यायच्या हाताखालून गेलेले. पहिल्याच दिवशी त्यायनं सगळ्यायसमोर सांगून टाकलं, "अनुश्रीबाई, नशेबाज हे मानसिक दवाखान्याचं काम आहे. फार तर एक तासाचं लेक्चर ठेवू. मुलांना तेवढं पुष्कळ."

नवा रायपुरात रस्ते एवढे रुंद का गाय आडवी झोपली तरी गाडी थांबत नाही, पण बस सापडेल तर शपथ. म्हणून दिवाकर दुकान नोकरावर सोडून बहिणीले रोज गाडीनं नेऊन राहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोलेही सोबत घेतलं. "चाल पद्मिनी, पाहून घे, आपली अनु मास्तरायचे कान कसे धरते."

तिथं पोचले तर अनुश्री कपाळाले हात लावून बसली. खोटे पेशंट बनाले जे नाटकवाले येणार होते, त्यायचा फोन लागत नव्हता. तिची पद्धत अशी होती का मास्तरायनं खोट्या पेशंटले तपासायचं, बाकीच्यायनं पाहायचं, मग चुका काढायच्या.

"नाटक?" दिवाकरनं बाह्या वर केल्या. "मंडळाच्या गणपतीत मी राजा झालो होतो, विसरली काय? दारुड्या करू? झिंगू?"

"झिंगू नको, दादा," अनुश्री म्हणाली. "तुले काहीच कराचं नाही. पेशंट वहिनी. तू नवरा. सोबत आलेला."

"नवरा त मी आहोच."

"म्हणूनच म्हणते. जसा आहे तसा बस."

पद्मिनीले तिनं एक कागद वाचाले दिला. पेशंट बाईले झोप लागत नाही, चक्कर येते. खरी गोष्ट ही का बाई मेडिकलच्या दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून आणून त्यायची गुलाम झाली आहे. कोणी एकटीले, मायेनं विचारलं तरच सांगायचं.

हॉलच्या बाजूले एक काचेची खोली होती. आत टेबल, खुर्च्या, टेबलावर अडीनडीले ठेवलेला एक बंद माइक, आणि डॉक्टरच्या कॉलरीले एक चालू. आतलं बोलणं हॉलमध्ये भोंग्यातून ऐकू येई.

पहिला आला अनिमेष, तरणा मास्तर. घरी मराठी समजते, पण तोंडातून हिंदीच निघते. त्यानं विचारलं, "क्या तकलीफ है, आंटी?"

"चक्कर येते तिले," दिवाकर म्हणाला.

"कब से?"

"दिवाळीपासून. जेवत नाही ना बरोबर. मी सांगतो, ऐकत नाही."

"कोई नशा-वशा?"

"अरे बापा!" दिवाकर उठूनच उभा राहिला. "मराठी घर आहे आमचं. सुपारीचं खांडही सापडणार नाही."

पद्मिनी मांडीवरच्या हातांकडे पाहत बसली होती. अनिमेषनं रक्ताची तपासणी लिहून दिली. दुसरा मास्तर आला, तिसरा आला, तेच झालं. मग खुद्द टेंभेकर सर आले. त्यायनं दिवाकरले गाव विचारलं, धंदा विचारला, इन्व्हर्टर कोणता चांगला तेही विचारलं. दोघायचं असं जमलं का जशी जुनी सोयरीक. उठता उठता सर म्हणाले, "बाईंना लोहाच्या गोळ्या द्या." पद्मिनीचा आवाज हॉलनं तोपर्यंत ऐकलाच नव्हता.

दिवाकर खूश. त्याले वाटलं आपण बाजी मारली, एवढ्या मोठमोठ्या मास्तरायले पत्ता लागू दिला नाही.

मग अनुश्री आत गेली. कॉलरीले माइक लावला. नमस्कार केला आणि दिवाकरले अनोळखी माणसासारखं म्हणाली, "भाऊ, तुम्ही सोबत आले ते बरं केलं. तुमच्याकडून मले सगळं ऐकाचं आहे. पहिले वहिनीचं बीपी घेऊन घेतो, तोवर तुम्ही बाहेर बसा, मग निवांत बोलू."

इतक्या अदबीनं म्हटलं का दिवाकर मान डोलवत बाहेर गेला. हॉलमध्ये खुर्चीवर बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं का त्याले काढून दिलं.

भोंग्यातून अनुश्रीचा आवाज आला. "वहिनी, घाई नाही." मग ती काही बोललीच नाही. पद्मिनीही नाही. हॉलमध्ये कोणाची तरी खुर्ची वाजली. मग अनुश्री म्हणाली, "काही बायकायचं असं असते, एखादी वस्तू हाताशी नसली का दिवस सुरूच होत नाही. लाजेची गोष्ट नाही. तुमचं असं काही आहे?"

पद्मिनीनं पदर बोटाले गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. आणि भोंग्यातून साफ ऐकू आलं:

"अनु, कागदावरचं सांगू का खरं?"

हॉलमध्ये सगळे पुढे वाकले. अनुश्रीचा हात कॉलरीकडे गेला आणि भोंगा मुका झाला.

"आवाज गेला," टेंभेकर सर म्हणाले. "अरे, बघा कोणीतरी."

अनिमेषनं पाहिलं. "सर, मैडम ने खुद बंद किया है."

"मग आम्ही शिकायचं काय? काच बघायची?" सरांचा आवाज चढला. "इतक्या वेळानं काही निघत होतं, तर बंद! उमाठे, तुम्हाला विजेचं कळतं ना? टेबलावरचा माइक आहे आत. तो सुरू करता येईल?"

येत होतं. भोंग्याची मशीन दिवाकरच्या कोपराजवळच होती. एक बटण वर केलं का अख्खा हॉल त्याच्या बायकोचं बोलणं ऐकणार. आणि त्याले स्वतःलेही ऐकाचं होतं, जीव तुटेपर्यंत. तो उठला, बटणापर्यंत बोट नेलं. तेवढ्यात त्यानं काचेतून पाहिलं. अनुश्रीनं खुर्ची फिरवून पाठ काचेकडे केली होती. तिच्या पाठीआड पद्मिनी दिसतच नव्हती. जशी एखादी बाई भर बाजारात दुसरीच्या अंगावर पदर धरते, तशी ती बसली होती, अन् तिचं अख्खं शिबिर, एवढ्या वर्षांचं काम, त्या पाठीमागे तिनं सोडून दिलं होतं.

दिवाकरनं बोट काढून घेतलं. "होऊ शकते चालू, सर," तो म्हणाला. "पण राहू द्या."

"काय सांगत असतील तुमच्या मिसेस?"

सगळे दिवाकरकडे पाहू लागले. त्याच्या तोंडून निघालं, "मले माहीत नाही, सर."

मोठमोठे डॉक्टर काचेतून एक पाठ पाहत बसले. एकदा अनुश्रीनं मान हलवली. एकदा पद्मिनीचा हात दिसला, हवेत काहीतरी सांगणारा. लग्नाले एवढी वर्षं झाली, दिवाकरनं तिचा हात असा बोलताना पाहिला नव्हता.

दोघी बाहेर आल्या तेव्हा पद्मिनीचे डोळे लाल होते, पण मान वर होती. टेंभेकर सर उभेच होते. "काय निघालं, अनुश्रीबाई?"

"सर, कागदावरची पेशंट असती तर तुम्हाले सगळं ऐकवलं असतं. आता ती माझी पेशंट आहे. तिचं तिच्यापाशी."

"म्हणजे प्रात्यक्षिक फसलं."

"हव सर, फसलं."

सरांनी काठी उचलली. "उद्या बघू," म्हणाले, आणि गेले.

अनुश्रीनं कॉलरीचा माइक काढून हातात घेतला. "दादा, कोर्स गेला बहुतेक," ती हळूच म्हणाली.

"मी बोलतो त्यायच्याशी. आमचं चांगलं जमलं आहे."

"नको. तू नको बोलू."

संध्याकाळी ती मास्तरायसोबत तिथंच थांबली. गाडीत नवरा-बायको दोघंच. मोकळा रस्ता, दोन्हीकडे रिकामे प्लॉट, उन्हं उतरलेली. पद्मिनीच म्हणाली, "गुडाखू."

"काय?"

"गुडाखू लावतो मी. सकाळी, दुपारी, तुम्ही दुकानात गेल्यावर. आपली पोट्टी पोटात होती तेव्हा दाढ दुखून राहिली होती, मोहल्ल्यातल्या बायकायनं म्हटलं, लाव, थंडक पडते. ते जे लागलं ते लागलं."

गुडाखू म्हणजे तंबाखू-गुळाची काळी पेस्ट. छत्तीसगढच्या बायका बोटानं हिरड्यायवर घासत तासतास बसतात. त्याले कोणी नशा म्हणतच नाही, दात घासणं म्हणतात.

"आपल्या घरात?" दिवाकर म्हणाला. "मी त साऱ्या रायपुराले सांगतो, सुपारीचं खांडही नाही!"

"सुपारीचं नाहीच ना. ते खरंच सांगता तुम्ही."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कधी? तुम्ही सांगता."

दिवाकरनं गिअर बदलला, गरज नव्हती तरी. मग म्हणाला, "अनु ओरडली?"

"नाही ओरडली. हसलीही नाही. विचारलं, वहिनी, पहिल्यांदा लावला तेव्हा काय दुखत होतं? मी म्हटलं, दाढ. ती म्हणे, अजून?" पद्मिनी खिडकीतून बाहेर पाहू लागली. "एवढ्या वर्षात 'अजून' कोणी विचारलंच नव्हतं. मग तिनं तोंड पाहिलं. कॅन्सरसारखा डाग नाही म्हणे. हळूहळू कमी करू, दवा देतो, रडू आलं तर फोन कर. सोडीन मी."

दिवाकरनं ज्या अनुले सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं होतं, ती आज कोणत्या उंचीवर जाऊन बसली, हे त्याले त्या मोकळ्या रस्त्यावर दिसलं, आणि त्याले एकदम धाक वाटला, देवळात वाटते तसा. शंकर नगर येईपर्यंत तो बोलला नाही. लोकहो, दिवाकर उमाठे बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी खरे पेशंट. जवळच्या एका गावचं सरकारी आरोग्य केंद्र, व्हरांड्यात बाक, बाकावर माणसं. दिवाकर अनुश्रीले घेऊन आला होता. टेंभेकर सर सगळ्यायच्या शेवटी आले आणि पहिल्याच खोलीत जाऊन बसले. अनुश्री दाराशी वही धरून उभी, मास्तरायच्या चुका पाहाले.

एका म्हातारीले तिचा पोरगा घेऊन आला. चांगला दांडगा, शेतीवाला. सरांनी सवयीनं पोराकडेच पाहिलं.

"सर, अम्मा को पेट में जलन है, नींद नहीं, कुछ खाती नहीं," पोरगा सुरूच झाला.

सर ऐकत होते. मग थांबले. हातानं त्यालेही थांबवलं. "बेटा, तू बहुत अच्छे से बताता है. तेरा सब सुनूँगा. पहले अम्मा का बीपी देख लूँ, तू बाहर बैठ."

"अम्मा को कुछ समझता नहीं, सर. मैं ही बताऊँगा."

"बाद में, बेटा."

पोरगा कुरकुरत बाहेर आला. अनुश्रीनं आत पाय टाकला होता, तो तिनं मागे घेतला. चुका कोण काढणार मग? तिनं दार लोटून घेतलं आणि बाहेरच उभी राहिली.

पोरगा दिवाकरच्या बाजूले बसला. आतून काही ऐकू येत नव्हतं. टेंभेकर सरांचा आवाज म्हणजे वर्गाच्या बाहेर दोन गल्ल्या जाणारा, तोही नाही. पोरगा सारखा दाराकडे पाहे.

"भैया, इतना टाइम काहे लग रहा है?"

"बोल रही होगी."

"अम्मा? अम्मा तो बोलती ही नहीं."

दिवाकरच्या मनात खूप काही आलं, सल्लाही आला, बहिणीचं एमडी आलं. त्यानं त्या पोराले पाण्याची बाटली दिली. अनुश्री ओठ चावत दाराकडे पाहून राहिली होती. त्या दाराआड तिची सगळी मेहनत अडकली होती, आणि कान लावाले ती पुढे झाली नाही.

बाकीचे मास्तर आपापले पेशंट आटोपून व्हरांड्यात जमा झाले. अनिमेषनं घड्याळ पाहिलं, दार पाहिलं, परत घड्याळ पाहिलं. शेवटी दार उघडलं. टेंभेकर सर बाहेर आले. चष्मा हातात. त्यायनं दार मागे हळूच ओढून घेतलं, जसं आत लेकरू झोपलं आहे.

"अनुश्रीबाई," ते म्हणाले, "एका तासाच्या लेक्चरमध्ये होणार नाही हे."

"नाही, सर."

"माझी मुलं महिनाभर इथं बसली पाहिजेत. कचेरीला मी सांगतो. आणि मुलांच्या आधी मी बसतो. चालेल?"

अनुश्रीनं वही मिटली. तिनं फक्त मान हलवली.

"पाणी आहे का कोणाकडे? आत पाहिजे." दिवाकरनं पोराच्या हातातली बाटली घेऊन पुढे केली. सरांनी ती घेतली. पोरगा उठला, "हो गया, सर? आ जाऊँ?"

"अभी नहीं, बेटा. अम्मा की बात चालू है," टेंभेकर सर म्हणाले, आणि आत जाऊन त्यायनं दार परत लावून घेतलं.